जादाचं चाक

शटर निम्म्यापर्यंत आलं आणि ठक्क करून थांबलं. लेकाने ते वर ढकललं, पुन्हा खाली ओढलं. पुन्हा ठक्क. नव्या गाडीच्या मागच्या दाराला लटकवलेलं जादाचं चाक वीतभर बाहेर राहिलं होतं, आणि शटर येऊन नेमकं त्याच्यावरच टेकत होतं.

"मापं घेतली होती ना?" सुनेने विचारलं.

घेतली होती. शोरूमच्या फरशीवर गुडघे टेकून, पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत, दोन वेळा. बंपरच्या वर काय लोंबतंय ते बघायला मान तेवढी वर केली नव्हती.

"शेपूट राहिलंय बाहेर," पायरीवरून आई म्हणाली.

आई म्हणजे मुकादमबाई. मुकादम हे काही आडनाव नव्हे. उमेदीच्या काळात त्यांनी लॉन्ड्री चालवली, आणि धुणारे, इस्त्रीवाले, गिऱ्हाइकं, सगळ्यांना असं धारेवर धरलं की गल्लीने हे नाव बहाल करून टाकलं. लॉन्ड्री बंद पडून जमाना झाला, नाव काही सुटलं नाही. त्यांनाही ते सोडायचं नव्हतं.

गाडी आत घालतानाच निम्मी गल्ली गच्च्यांवर जमली होती. दोन्ही भिंती इतक्या जवळ, की दार धड उघडेना. लेक पोट आत ओढून, श्वास कोंडून, आरशाला बगल देत कसाबसा बाहेर निघाला. गाडी मावली, मालक मावत नाही, असं मुकादमबाईंनी वर बघून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर करून टाकलं. लेक हसला, पण त्याचे कान लाल झाले. कित्येक वर्षं तो ह्या गाडीची चित्रं बघत आला होता. डोंगरातल्या रस्त्यांची आखणी हे त्याचं काम. जिथे रस्ता नाही तिथे आधी जाऊन यायचं. अशी गाडी रस्त्यावर उभी करावी तर कचऱ्याची गाडी गल्लीत शिरायची नाही. गॅरेजशिवाय दुसरी जागाच नव्हती.

आणि गॅरेजमध्ये पुढे सरकायलाही जागा नव्हती. गाडीचं नाक मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलं होतं. त्या भिंतीपलीकडे मुकादमबाईंची खोली.

गुडघ्यांनी दगा दिला आणि जिना बंद झाला, तेव्हा जुन्या गॅरेजचा मागचा भाग कापून ही खोली काढली होती. त्या वेळची गाडी काडेपेटीएवढी. तिला उरलेली जागा पुष्कळ होती. मधली भिंत मुकादमबाईंनी खुर्ची टाकून, समोर बसून, वीट न् वीट मोजून बांधून घेतली होती. गवंड्याला पाणी प्यायला जायचं तरी त्यांना विचारून जावं लागे.

संध्याकाळी तोच गवंडी आला. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. लेकाने गाडी मागे घेतली आणि दोघे गॅरेजच्या फरशीवर टेप पसरून काहीतरी हलक्या आवाजात बोलू लागले. मुकादमबाई आल्या आणि त्यांनी काठीचं टोक टेपवर दाबून धरलं.

"काय सरकवताय?"

"आई, फक्त हातभर."

"मग दोन हात सरकव की. पलंगाचं काय एवढं, मी कपाटात निजेन."

गवंडी टेपकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, की भिंत फोडणं म्हणजे चेष्टा नाही, बाईंनी तेव्हा सिमेंट फार घालायला लावलं होतं.

"फार नाही, बरोबर घालायला लावलं होतं. हिच्यात खिळा ठोकायचा म्हटलं तर हातोडा रडेल."

हातभर म्हणजे पलंग खिडकीपासून हलणार, आणि त्या खिडकीतूनच तर गल्लीचं सगळं राज्य चालायचं. कोण कधी गेलं, कोणाच्या घरी कोण आलं, भाजीवाला कोणाशी जास्त बोलला. पण खुपत होतं ते वेगळंच. लेकाने गवंड्याला बोलावलं, गल्लीला कळलं, आणि भिंतीपलीकडे येऊन आईला विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

तो वाईट नव्हता. फक्त त्या खोलीत त्याचं येणं उरलं नव्हतं. जाता-येता बूट घातलेलाच दारात उभा राहायचा, "आई, काही हवंय का?" विचारायचा, आणि त्यांनी "काही नको" म्हणेपर्यंत त्याच्या टाचा दिसायच्या. कामावर गेला की दिवसच्या दिवस परतायचा नाही. शटर वाजलं की त्यांना कळे, गेला. कुठे, किती दिवस, देव जाणे. एकदा तर तो डोंगरात गेल्याचं दूधवाल्याने सांगितलं. "ठाऊक आहे मला," असं म्हणून त्यांनी पातेलं पुढे केलं होतं.

भिंत वाचली ती सुनेमुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सहज म्हणाली, की चाक काढून ठेवलं तर?

"स्टेपनीशिवाय डोंगरात जातात का?" लेक म्हणाला.

जाताना लावा, आलात की काढा, गल्लीत कशाला हवी आहे, असं तिचं म्हणणं. लेकाने पाना आणला, चाक काढलं, शटर ओढलं. ते सुळकन जमिनीला टेकलं. ही गोष्ट आपल्याला सुचली नाही याचा मुकादमबाईंना इतका राग आला, की दिवसभर त्यांनी सुनेच्या चहाला नावं ठेवली.

चाक गॅरेजमध्येच, गाडीच्या नाकाशेजारच्या कोपऱ्यात ठेवायचं ठरलं. पण दुपारी लेक बाहेर गेला तशी मुकादमबाईंनी सुनेला हाक मारली. पलंगाशेजारची त्यांची लोखंडी ट्रंक म्हणे फार जागा खाते, पाय ठेचकाळतो. ती गॅरेजच्या त्या कोपऱ्यात ठेवायची होती.

"आत काय आहे?" सुनेने कडी धरत विचारलं.

"माझं आयुष्य आहे. सांभाळून ने."

सुनेने दम धरून जोर लावला आणि ट्रंक चटकन उचलली गेली. आतून नुसता पत्र्याचा आवाज आला. तिने एकदा सासूकडे पाहिलं. मुकादमबाई खिडकीबाहेर बघत होत्या. सुनेने ट्रंक मुकाट नेऊन कोपऱ्यात ठेवली आणि वरून फडकंही मारलं.

संध्याकाळी चाकाला कुठे जागाच उरली नाही.

"असू दे माझ्याकडे," मुकादमबाई म्हणाल्या. जसा काही मोठा उपकारच.

चाक पलंगाच्या पायथ्याशी आडवं पडलं. खोलीत रबराचा वास भरला. त्यांनी त्याच्यावर जुनी चादर घातली आणि चष्म्याचं घर ठेवायला ते वापरू लागल्या.

पहिल्यांदा लेक ते न्यायला आला तो घाईतच. वाकला, चाक उभं केलं, दारापर्यंत लोटलं आणि धापा टाकत पुन्हा आडवं करून त्याच्यावरच बसला.

"एवढं जेवतोस, ती ताकद कुठे जाते?" त्यांनी विचारलं. मग, चादरीची घडी घालता घालता, "लांब जातोयस?"

त्याने सांगितलं. नदीपलीकडची टेकडी, वाटेत तीन मुक्काम. परत आला तेव्हा चाक चिखलाने माखलेलं होतं. असलं घाणेरडं खोलीत आणायचं नाही म्हणून त्यांनी दारातच पुसायला लावलं, आणि पुसता पुसता तो टेकडीबद्दल बोलत राहिला. खडक कसा निघाला, गाडी कुठे फसली. मुकादमबाई मधेमधे चिखल राहिलेली जागा काठीने दाखवत होत्या.

तो गेला की सून चहाचा कप घ्यायच्या निमित्ताने यायची.

"काय म्हणाले?"

"गुरुवारी येईल."

सुनेला तो नुसतं "बघू" एवढंच सांगायचा. मुकादमबाईंना हे पहिल्या फेरीलाच कळलं होतं. त्यांनी त्यावरून टोमणा मारला नाही, आणि हे दोघींच्याही लक्षात आलं.

पावसाळा संपता संपता लेकाची कंबर धरली. चाक टांगायचा एक भक्कम लोखंडी आकडा तो घेऊन आला. मागच्या भिंतीत, बॉनेटच्या वर बसवायचा, म्हणजे उचलून आत-बाहेर करायला नको. दुसऱ्या दिवशी त्याला काम होतं. गवंड्याला बोलावून बसवून घे, असं सुनेला सांगून तो गेला.

मुकादमबाई दिवसभर खिडकीत बसल्या. भाजीवाला आला, पोस्टमन आला, समोरच्यांची पाहुणी आली.

संध्याकाळी लेक परतला तेव्हा आकडा तसाच कागदावर पडलेला होता. आकडा उचलून तो आईच्या खोलीच्या दारात आला. सून आत कप पुसत होती.

"हे बसवलं नाही?"

"गवंडी येऊन गेला," सून म्हणाली. "भिंत ठिसूळ आहे म्हणाला. वजन पेलायची नाही."

"ठिसूळ?" लेक हसायलाच लागला. "ही भिंत? आई, ऐकतेस का?"

मुकादमबाईंची मान ताठ झाली. काठी त्यांनी मुठीत घट्ट धरली. गवंडी गल्लीत आज फिरकलासुद्धा नव्हता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती कोरडा कप पुन्हा पुसत होती.

"ठिसूळच आहे," त्या म्हणाल्या.

लेक त्यांच्याकडे बघत राहिला.

"बांधत होता तेव्हा एकदा माझा डोळा लागला होता. तेवढ्यात मेल्याने वाळू वाढवली." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "त्याला विचारायला जाऊ नकोस. म्हातारा झालाय, वाईट वाटेल त्याला."

लेकाने आकडा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मग कमरेवर हात ठेवून चादरीवरचं चष्म्याचं घर उचललं, ते पलंगावर ठेवलं, आणि चाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.