माल बसला

"पंप चालूच आहे की, मामा!" जावई म्हणाला.

मामांनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं. पंपाच्या खडखडाटात जन्म काढून त्यांचे कान कधीच गेले होते. पाय मात्र शाबूत होते. जमिनीची थरथर थांबली तसे ते चहाचा कप टाकून धावत आले होते. त्यांनी पाइपवर तळहात टेकला. पाइप गप्प होता.

"बंद आहे! चालू करा, माल बसेल!"

पेलाभर पाण्यात मूठभर वाळू टाकावी. ढवळत राहिलं की ती तरंगते, हात थांबला की तळाला जाते. खाणीतलं खनिज दळून, पाण्यात कालवून, पाइपातून डोंगरापलीकडच्या कारखान्यात धाडायचं ते असंच. पंप हा ढवळणारा हात. तो थांबवायचाच असेल, तर आधी नुसतं पाणी सोडून पाइप धुऊन काढायचा. जावयानं आणि फिटरनं तो तसाच थांबवला होता. बहिऱ्याला कळतं का, एवढंच बघायला.

फिटर बटणाला पाठ लावून उभा होता. "कान गेले ते गेले, आता हातही गेले का हो, मामा?"

"जावईबापू, पाया पडतो तुमच्या."

मामा खरोखरच वाकले. दोघांची हसून हसून मुरकुंडी वळली.

हसू ओसरल्यावर बटण दाबलं, तर मोटर नुसती कण्हली. चढावरचा सगळा माल घसरून खालच्या वळणात दगडासारखा बसला होता.

साहेब आले. "पंप बंद पडलेला कुणाला कळला नाही?"

"आम्ही जेवायला गेलो होतो, साहेब. मामा होते इथं," जावई म्हणाला. "पण ते ठार बहिरे आहेत. घरचं माणूस, म्हणून इतके दिवस बोललो नाही."

मामांनी शब्द न् शब्द वाचला. लेक त्याच्या घरात होती. तिचे दिवस भरत आले होते.

"खरं आहे का हे, मामा?"

साहेबांच्या ओठांवरची नजर मामांनी जमिनीकडे वळवली.

"काय म्हणालात, साहेब? जरा मोठ्यानं बोला."

आठवड्यानं लेक आली. पोट सावरत समोर बसली आणि शेजारपाजार ऐकेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "बाबा, ह्यांना तुमची जागा मिळाली! साहेब म्हणाले, माणूस खरं बोलतो!"

मामा हसले. मान डोलावली. मग सवयीनं त्यांनी टेबलावर तळहात टेकला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.