चालू यंत्राची पूजा

झेंडूची एक पाकळी जाळीत अडकली होती – धड आत नाही, धड बाहेर नाही – आणि पंखा फिरायला लागल्यावर ती थरथरू लागली, तेव्हा वैदेहीला आधी वाटलं की हा आवाज यंत्राचा नाही, आपल्याच कानातला आहे. बटणावर कुंकवाचा ठसा होता. त्याच्यावरच बोट ठेवून तिनं आत्ता ते दाबलं होतं, म्हणजे बोटालाही कुंकू लागलं. ते तिनं ओढणीला पुसलं, मग पुसलं म्हणून वाईट वाटलं, मग वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. एवढं सगळं होईपर्यंत पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली होती. धावू देत. धावताहेत तोवर बरं.

दसऱ्याची दुपार. जुईनगरचं हे ऑफिस आज तसं बंदच, आणि मागच्या या खोलीत तर एरवीही कुणी फिरकत नाही. इथं सर्व्हर आहे. ऑफिसचे मालक अरविंद सर; त्यांच्या आई, सरोजिनीबाई, त्याला 'ती पेटी' म्हणतात. या पेटीवर खांदेश्वरच्या डायलिसिस सेंटरचा सगळा कारभार चालतो – कोणाची पाळी कधी, कोण कुठल्या मशीनवर, कोणाच्या रक्तात काय. ज्याच्या रक्तात कावीळ बसलेली, त्याचं नाव सेंटरच्या पडद्यावर पिवळं दिसतं, आणि पिवळ्या नावाला कोपऱ्यातलं वेगळं मशीन, दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून. सणासाठी सेंटर आज बंद. उद्या सकाळी पहिली पाळी.

चालवायची पेटी. एवढंच तर करायचं होतं.

पूजा खंडेनवमीला दरवर्षी व्हायची, पण चालू यंत्राची. वरून हळद-कुंकू, एक हार, पेढा, झालं. काल मात्र सरोजिनीबाई स्वतः तबक घेऊन आल्या, पेटीच्या हिरव्या लुकलुकत्या दिव्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं, आणि –

"चालू आहे का गं ही?"

"हो काकू. ही कधी बंद नसते."

"मग पूजा कसली करतेस? फिरत्या गिरणीला कोणी हार घालतं? टेकू दे की एक दिवस बिचारीला. आम्ही विळीसुद्धा धुऊन आडवी ठेवतो आजच्या दिवशी."

अरविंद सर हसले. आईपुढे ते असेच हसतात, शाळेतल्या मुलासारखे. "करून टाक बंद, वैदेही. सेंटरच्या आजच्या पाळ्या आटोपल्यात, उद्या सुट्टीच आहे. उद्या दुपारी येऊन लाव परत. त्यात काय टेन्शन?"

नाही म्हणायला कारण लागतं. आणि कारण सांगायचं म्हणजे ते आधी स्वतःला सांगावं लागतं… तबकातली ज्योत हलत होती, सगळ्यांचे हात जोडलेले होते, एकटा तिचाच मोकळा. तिनं त्या मोकळ्या हातानं पेटी बंद केली. हिरवा दिवा गेला. किती शांत झाली बघ, असं काकू म्हणाल्या.

पडद्यावरची अक्षरं थांबली. पहिली तक्रार आली: सर्व्हर आधीच चालू आहे.

वैदेहीला हसू आलं, खरंच. ही तर घरातली तक्रार. रेल्सवर, म्हणजे ही व्यवस्था ज्या सॉफ्टवेअरवर उभी आहे त्यावर, काम करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल – कालची खुणेची फाइल मागे राहिलेली असते, तिच्यावर विसंबून यंत्र म्हणत राहतं की मी जागाच आहे. ती फाइल पुसायची, पुढे जायचं. तिनं पुसली. सावकाश पुसली. मग काही गरज नसताना डेटाबेसची चौकशी केली, तर तो खरंच उठला नव्हता. त्यालाही उठवलं, जोडणीच्या फाइलमधली नावं-गावं एकदा नजरेखालून घातली, एकेक ओळ, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी. अजून एखादी अशीच साधी चूक निघाली तर? निघू दे. दिवसभर निघत राहू देत. ज्या चुका मला सोडवता येतात त्याच निघत राहिल्या तर ती शेवटची, ती एक, आजच्या दिवसात मावणारच नाही.

आणि मग तिनं पुन्हा चालवलं, आणि ती आली.

कुलूपबंद फाइल उघडायला किल्ली नाही. मास्टर की सापडत नाही. आणि खाली, अगदी सभ्य भाषेत, रेल्स बनवणाऱ्या कोणा परदेशी माणसानं कधीतरी लिहून ठेवलेलं वाक्य: आपल्या टीमकडे मागा.

टीमकडे.

खोलीत वैदेही होती, पेटी होती आणि कालचा पेढा होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

माणसांना जमेला आणि नावे टाकून ठेवायची वैदेहीला जुनी सवय. अरविंद सर – जमेला: आवाज चढवत नाहीत, नावे: आवाज न चढवता जे बोलतात ते. निखिल – जमेला: हुशारी, सगळीच्या सगळी, नावे: ते हसणं. कुणी साधा प्रश्न विचारला की उत्तराआधी तो नाकातून थोडंसं हसायचा, वाईट नाही, जरासंच, आणि मग उत्तर मात्र मन लावून द्यायचा. ही सगळी व्यवस्था त्यानंच उभी केली. रोग्यांच्या आजारांचे रकाने त्यानंच कुलूपबंद केले, आणि किल्ली सगळ्यांच्या सामायिक कोडच्या साठ्यात ठेवायची नाही हा नियमही त्यानंच पाळला. पेटी चालवायची तर तो किल्ली हातानं टाकायचा, पडद्यावर, आणि पडदा पुसायचा. दोन वर्षांपूर्वी तो सोडून गेला. त्याचा लॅपटॉप कोरा करायचं काम सरांनी हिच्याकडे दिलं. दारात पाठीला बॅग लावून उभा राहून तो म्हणाला होता, "ताई, काही विचारायचंय का?" आणि ही म्हणाली होती, "नाही रे. सगळं आहे माझ्याकडे."

सगळं! काय होतं माझ्याकडे? चालू असलेली एक पेटी.

तेव्हापासून तिनं ती चालू ठेवली. दोन बॅटऱ्या जोडून घेतल्या. नवीन आवृत्ती आली, हात लावायचा नाही. सफाईवाल्यानं प्लगजवळ झाडू नेला की ही खुर्चीतून अर्धी उठायची. एकदा मे महिन्यात तासन् तास वीज गेली तेव्हा ती बॅटरीच्या आकड्याकडे बघत इथंच बसली होती, आणि वीज आल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडली होती. लोक म्हणायचे, वैदेही फार काळजीपूर्वक काम करते. सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं – तिची सिस्टिम एकदाही बंद पडलेली नाही. टाळ्या. ती टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हातांकडे बघत होती. भित्र्या माणसाच्या भीतीला लोक किती चांगली चांगली नावं देतात.

आणि सगळ्यात वाईट हे की किल्ली काल दुपारपर्यंत इथंच होती. चालू यंत्राच्या पोटात. योग्य आज्ञा देऊन विचारलं असतं तर यंत्रानंच सांगितली असती – हे तिला ठाऊक होतं, खूप दिवसांपासून ठाऊक होतं. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं की आपल्याकडे ती नाही. कोणाजवळ कबूल? यंत्राजवळ? हो, यंत्राजवळसुद्धा. उद्या विचारू. दिवाळीनंतर विचारू. आणि काल बटण दाबताना तिच्या मनात एक अगदी बारीक, दुष्ट विचार येऊन गेला होता… होऊन जाऊ दे एकदाचं.

फोन वाजला. सेंटरची टेक्निशियन, उज्वला. साताऱ्याकडची, तिचा आवाज नेहमी रानात हाक मारल्यासारखा.

"ताई, दसऱ्याच्या शुभेच्छा! चालू झालं का आपलं? घरनं बघत हुते, यादी दिसंना."

"करतेय. होईल."

"घाई न्हाई ओ. उद्या सकाळच्याला मला नावं दिसली म्हंजे झालं. पहिल्या पाळीला गंगारामकाका हायत, तुमची आठवण काढत असत्यात. आणि ती नवीन पोरगी उद्या एकटीच हाय मशीनवर, तिला काय, पडद्यावर बघून बसवायचं. तुमचं कधी बंदच पडत न्हाई, म्हणून बिनघोर."

गंगारामकाका. मार्केटात पाठीवर पोती वाहिलेला माणूस, अजूनही खांदा एका बाजूला कललेला. पडदा बसवला त्या दिवशी तो खुर्चीवर पडल्या पडल्या म्हणाला होता, "म्याडम, सगळ्यांची नावं काळी आणि माझंच पिवळं का? हळद लागली का काय मला?" सगळे हसले होते, तीही हसली होती. हसता हसता तिनं बघितलं होतं की उज्वला त्याच्या नळ्या कोपऱ्यातल्या मशीनलाच जोडतेय, न चुकता, पडद्याकडे एक नजर टाकून. एक नजर. त्या एका नजरेसाठी हे सगळं.

फोन ठेवल्यावर खोली लहान झाली.

उपाय होता. तो फार सोपा होता. कुलूपबंद फाइल टाकून द्यायची, रेल्सला नवी करायला सांगायची; नवी किल्ली ते आनंदानं देतं. मग पेटी उठेल. पाळ्या दिसतील, नावं दिसतील. फक्त ते आजाराचे रकाने जुन्या किल्लीचे, ते नव्यानं उघडायचे नाहीत. बॅकअपमध्येही तेच, कुलपासकट. पण न उघडणारा रकाना रिकामा दाखवायला चार ओळी पुरतात, आणि रिकाम्या रकान्याचं नाव… काळं. सगळी नावं काळी. उद्या सकाळी ती नवीन मुलगी पडद्याकडे एक नजर टाकेल. कुणाला कळणार? महिने जातील. मग कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये कावीळ निघेल, त्याच्या बायकोला वाटेल पाणी बाधलं. हिशेब कुठंच जुळायचा नाही, आणि म्हणून हिशेब कुणी मांडणारही नाही.

तिची बोटं कळफलकावर होती. नव्या फाइलची आज्ञा अर्धी लिहूनही झाली होती. ही बोटं माझी आहेत का? एका बोटाच्या नखाशी अजून कुंकू होतं.

बाहेर दार वाजलं. अरविंद सर, हातात आपट्याची डहाळी, नवा शर्ट. "झालं का गं? आईनं विचारलंय, उठली का तिची पेटी."

"नाही."

"मग? काही मोठं आहे?"

तिनं लिहिलेली अर्धी आज्ञा खोडली. एकेक अक्षर. मग सर उभे असतानाच फोन उचलला आणि निखिलचा नंबर लावला. वाजत होता तोवर ती त्या हसण्याची वाट बघत होती – नाकातून, जरासंच. दोन वर्षं ती ज्याच्यापासून पळत होती ते पेटी बंद पडणं नव्हतंच, ते हे होतं.

"ताई? बोला! सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." मागे कुकरची शिट्टी, लहान मूल.

"निखिल, सेंटरची मास्टर की माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. काल सर्व्हर बंद केला."

सरांच्या हातातली डहाळी खाली आली. फोनमध्ये मूल काहीतरी मागत होतं. ती वाट बघत होती.

तो हसला नाही.

"बंद केला?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम हळू झाला. "ताई, माझ्याकडे पण नाही. सगळं तुमच्यासमोरच तर पुसलं. मला वाटलं तुम्ही काढून ठेवली असेल, चालू होतं तेव्हा." मग मूल कुणाकडे तरी दिल्याचा आवाज आला. "एक जुनी हार्डडिस्क आहे. आईकडे, नावड्याला. तिच्यात असेल. असेल का… बघतो जाऊन. निघतोच."

"आज सण –"

"ताई, पिवळी नावं आहेत ना उद्या?"

फोन बंद झाला. तो हसला असता तर बरं झालं असतं. हसणारा माणूस म्हणजे ज्याला उत्तर येतं तो.

"वैदेही," सर म्हणाले, आवाज न चढवता, "कधीच नव्हती म्हणजे?"

"सांगते. आधी एक फोन करू दे."

उज्वलानं लगेच उचलला. वैदेहीनं सांगितलं: यंत्र उद्या उठेलच असं नाही. उठलं आणि नावं काळी दिसली, तरी कोणाला कावीळ नाही असं समजू नका. कागद काढा. प्रत्येकाचा रिपोर्ट हातात घेऊन मगच मशीन द्या. बोलताना तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, कोरडा, कुणा दुसऱ्याच बाईचा.

"म्हंजे पिवळं दिसनारच न्हाई?"

"नाही."

"आगं बया." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "मग मला आत्ताच सेंटरला जायाला लागंल. कपाटं उपसायची म्हंजे रात होईल. सणाचं…" आणि मग, रागाची वाट बघत असलेल्या वैदेहीला, "बरं झालं आत्ता सांगितलंसा ताई. त्या पोरीनं काकांना मधल्याच मशीनवर घेतलं असतं की ओ."

घेतलं असतं. वैदेही ते दोन शब्द धरून बसली. सर दारात उभे होते, त्यांना काय सांगायचं ते तिला माहीत होतं, आणि त्यानंतर काय होईल तेही साधारण माहीत होतं. नवल म्हणजे तिकडे मन जाईना. छातीत भीती होतीच, कालच्याहून मोठी असेल. पण ती तिच्या ओळखीची नव्हती. दोन वर्षांची ती भीती, घरातल्या मांजरासारखी पायात पायात येणारी, वैदेहीचं नाव घेऊन ओरडणारी, ती कुठं गेली कोण जाणे. आणि तिच्या जागी हे काहीतरी होतं, ज्याला वैदेहीशी काही देणंघेणं नव्हतं, ज्याचा एक खांदा कललेला होता, जे उद्या पहाटे उठून डबा घेऊन, पायरी उतरून, हळद लागली का म्हणत निघणार होतं.

जाळीतली पाकळी अजून थरथरत होती. तिनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पंखा चालू होता.

"सर, बसा," ती म्हणाली.