केबेच्या मातीसाठी वर्गणी

केबे फ्लोमो मंगळवारी पहाटे गेली आणि अंबरोला ते दुपारच्या नमाजाआधी कळलं. तिने लगबगीने आंघोळ केली, भाताचं आणि बोकडाच्या रश्श्याचं पातेलं फडक्यात बांधलं आणि दोन बस बदलून ब्रुकलिन पार्कला केबेच्या घरी पोचली. वाटेत एकच घोर होता, की आपण पोचेपर्यंत नेलं तर नसेल? सोमाली माणूस मेला की त्याला ताटकळत ठेवत नाहीत. सकाळी गेला तर दिवस मावळायच्या आत माती.

केबेच्या दारात गाड्यांची रांग होती, घर माणसांनी भरलेलं होतं, पण घाई कुणालाच नव्हती. कुणी बशीत भात घेऊन बसलं होतं, कुणी कापडाच्या नमुन्यांवर बोलत होतं. केबेची लेक गर्माई कोपऱ्यात फोनवर होती. मोठ्या इस्पितळात हेड नर्स असलेली ही बाई आईच्या मरणातही ताठ उभी होती.

अंबरोने स्वयंपाकघरात केबेच्या भाचीला गाठलं. "कधी नेणार गं?"

"अजून काही ठरलं नाही, आँटी. केवढा खर्च आहे! शनिवारी सगळे बसतील, मग बघू."

"आणि केबे कुठे आहे?"

"शवगृहात."

अंबरो पातेलं ठेवून परत आली. शुक्रवारी सकाळी तिने फोन केला, तर केबे तिथेच. चौथा दिवस. थंडगार फडताळात. तिच्या माहितीत प्रेत असं तिष्ठत राहायला एकच कारण असू शकत होतं. जवळ पैसा नाही आणि मागे माणूस नाही.

दोघींची ओळख शहाण्णव सालच्या हिवाळ्यातली. एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात दोघी कामाला होत्या. वाफेने भिंती घामेजायच्या, बाहेर कंबरभर बर्फ. चादरीची दोन टोकं केबेच्या हातात, दोन अंबरोच्या. जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं. दिवसाला तीनशे चादरी. केबे लायबेरियाची, तिला इंग्रजी शाळेपासून येत होतं. अंबरोला तीन शब्द यायचे, यस, नो आणि सॉरी. बाकीचं इंग्रजी केबेने तिला चादरींच्या घड्या घालता घालता शिकवलं. त्यात शिव्याही आल्या.

दोघीही आपापल्या देशातल्या लढाईतून जीव घेऊन इथे आलेल्या, दोघीही काळ्या, एकाच धुलाईघरातल्या. पण पुढे वाटा फुटल्या. केबेने परीक्षा दिल्या, औषधांची गाडी घेऊन वरच्या मजल्यावर गेली, घर घेतलं. तिची तिन्ही मुलं शिकून आपापल्या घरांत राहायला गेली. अंबरो गुडघे जाईपर्यंत धुलाईघरातच राहिली. नवरा वार्समे टॅक्सी चालवता चालवता गेला. आता ती सीडर वस्तीतल्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर लेक इफ्राहजवळ राहत होती. खोल्या दोन, नातवंडं चार, आणि सोफ्यावर कायमचा मुक्काम ठोकलेला एक पुतण्या. टॉवरमधली सगळी तिला एद्दो म्हणायची. सगळ्यांचीच आत्या ती.

कुणाचं बरं चाललंय, यावरून दोघींची कायम जुंपायची. एकदा लायब्ररीतल्या कुठल्याशा सभेत एक कागद वाटला होता. केनिया, इथिओपिया, लायबेरिया, सोमालिया, प्रत्येक देशातून इथे आलेल्यांच्या कमाईची एक रंगीत काडी. केबे चष्मा लावून वाचत होती आणि हसू तिच्या पोटात मावेना.

"अंबरो, तुमची काडी बघ गं! बुटकी! केनियावाल्यांच्या गुडघ्यालाही लागत नाही."

"मागच्या पानावर बघ. एका घरात माणसं किती, ती काडी बघ. तिथे आम्ही ताडासारखे."

"ती उंची कुणाला हवीय?"

"तुझ्या घरात चार खोल्या. रात्री पाणी मागितलंस तर कोण देईल? फ्रीज?"

हसण्यावारी गेलं. पण त्या बुटक्या काडीचं कुसळ अंबरोच्या मनात राहिलं ते राहिलंच.

शुक्रवारच्या नमाजानंतर ती वर्गणी मागायला सोमाली मॉलमध्ये शिरली. घरून निघताना इफ्राह दारात आडवी आली होती. "हूयो, अगं आई, त्यांना विचारलंस का?"

"बुडणाऱ्याला विचारून हात देतात का?"

"ते बुडतायत कशावरून?"

"चार दिवस प्रेत पडलंय, आणखी काय व्हायला हवं?"

मॉलमध्ये खालून वरपर्यंत तिने एक दुकान सोडलं नाही. वर्गणी मागायची तिला सवय होती. वार्समे गेला तेव्हा याच लोकांनी दोन तासांत जागेची, कफनाची सोय केली होती. अत्तरवाल्या बार्लिनने विचारलं, "कोणत्या कुळातली गं ही?"

"धुलाईघराच्या. पाकीट काढ."

"ख्रिस्ती आहे म्हणतात."

"थंडी काय धर्म विचारून वाजते? तुझ्या आईला चार दिवस ठेवशील फडताळात?"

चहाच्या टपरीवर ट्रकवाले बसले होते. गुलेद नावाचा म्हातारा म्हणाला, "एद्दो, लायबेरियावाल्यांची घरं बघितलीयस का? गॅरेजात दोन-दोन गाड्या असतात."

"गाड्या खड्डा खणतात का?"

गुलेदने वीस डॉलर काढले, मग शेजाऱ्यांकडे बघून आणखी वीस. सफाईवाल्यांनी दिले, खाटकाने दिले, कॉफी विकणाऱ्या, इथिओपियाकडच्या ओरोमो बाईने एकही प्रश्न न विचारता दिले. संध्याकाळपर्यंत चार हजारांच्या वर जमले. जिना उतरताना अंबरोचे गुडघे दुखले नाहीत. छातीत एक ऊब होती. ती कशाची, हे तिने तेव्हा तपासलं नाही.

शनिवारी केबेच्या बैठकीच्या खोलीत पंचवीस माणसं जमली होती. अंबरोने रुमालाचं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि आपल्या लोकांत सांगतात तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे सोमाली लोकांनी दिलंय. केबेला आजच्या आज माती द्या. पैशापायी कुणी असं पडून राहू नये."



गर्माई उठली. "आँटी, आमच्याकडे पैसे नाहीत, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही गं, पण चार दिवस..."

"माझा भाऊ लायबेरियात, मन्रोव्हियात असतो, तो यायचाय. व्हिसा लागायचाय. हॉल, कापड, बँड, सगळं ठरवायचंय. माँने स्वतःच्या मातीचा विमा वीस वर्षं भरला." तिचा आवाज बारीक होत गेला. "आणि तुम्ही बाजारात दुकानोदुकानी सांगत फिरलात, की माझी आई बेवारशी पडलीय?"

"बेवारशी नाही म्हणाले मी!"

"मग काय म्हणालात?"

गर्माईने गाठोडं उचलून तिच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. आणि कृपा करून, आँटी, सगळं उरकेपर्यंत येऊ नका."

बसमध्ये अंबरोने गाठोडं मांडीवर धरून ठेवलं होतं. अठ्ठावीस वर्षांची मैत्रीण, आणि तिच्या मातीला जायचं नाही? लोक काय म्हणतील याचं तिला इतकं नव्हतं वाटत. केबेच्या दारातून आपल्याला घालवलं, हे मात्र गिळता येत नव्हतं.

सोमवारी ती पैसे परत करायला निघाली. एकानेही घेतले नाहीत. "मेलेल्याला दिलेलं परत घेतात का, एद्दो?" बार्लिनने हात मागे घेतले. गुलेद चहा फुंकत म्हणाला, "म्हणजे त्यांच्याकडे पैसे आहेत म्हणून ती पडून आहे. आपल्याकडे नाहीत म्हणून आपण लवकर सुटतो. गरिबीचा एवढा तरी फायदा!" टपरी हसली. अंबरो हसली नाही. गरीब म्हणून घाई करत नाही आम्ही, असं तिला म्हणायचं होतं. पण मग त्यांच्या थांबण्यालाही काही कारण असेलच की. ते आपण कधी विचारलं?

केबेची थोरली बहीण यासा म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एकटी राहायची. वय चौऱ्याऐंशी. सगळे तिला ओल्ड मा म्हणत. अंबरो तिच्याकडे गेली आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलली, "ओल्ड मा, मी चुकले. पण कुठे चुकले ते मला नीट कळत नाही. सांग मला."

यासाने तिला बसवलं. "पैसे आणलेस ते चुकलं नाही. पैसे कुणाला नको असतात? पण भिकाऱ्याच्या थाळीत टाकावेत तसे टाकलेस, पोरी. आमच्यात मातीच्या आदल्या संध्याकाळी सगळे बसतात. तिथे गट येतात. चर्चचे, गावचे, जावयाकडचे. एका कापडाचे कपडे घालून, नाव पुकारून, पांढऱ्या थाळीत पैसे घेऊन. ती मदत नसते. जितके गट, तितकी बाई मोठी."

"आणि इतके दिवस थांबायचं कशाला?"

यासा खिडकीबाहेर बघत राहिली. "लढाईत माझ्या नवऱ्याला आम्ही रस्त्याकडेला पुरलं. हातांनी उकरून. घाईघाईने, गाणं नाही, काही नाही. नंतर ती जागाही सापडली नाही. तेव्हा केबे म्हणाली होती, आता आपल्यातलं कुणीही असं घाईत जायचं नाही."

"माझा भाऊ मोगादिशूत चौकात तीन दिवस पडून होता," अंबरो म्हणाली. "समोरून गोळ्या. आणायला कुणी जाऊ शकलं नाही. आई छपरावर दगड घेऊन बसायची, पक्ष्यांना मारायला. तेव्हापासून कुणी पडून राहिलं की मला..."

यासाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग आठवून म्हणाली, "तुझा नवरा गेला तेव्हा केबे पांढरे कपडे घालून आली होती दुसऱ्या दिवशी. तुमचं आटपलेलं. घरी येऊन केवढी चिडली होती! म्हणे, चेहराही दाखवला नाही, पोलीस मागे लागल्यासारखे पुरून मोकळे झाले."

"मला कधी बोलली नाही."

"तुला कशी बोलेल?"

अंबरो ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "आणखी एक आहे. तुमच्याकडे पैसे नाहीत असं वाटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. थोडंसं. अठ्ठावीस वर्षं ती पुढे, मी मागे. म्हटलं, आता तरी आमच्या लोकांचा उपयोग दिसेल."

यासा इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं, तुमच्या टॉवरची लिफ्ट बंद पडली की ती आम्हाला फोन करून सांगायची! अंबरो एकोणीस मजले चढली गं बाई, म्हणायची. कशी चवीने सांगायची!" डोळे पुसून ती म्हणाली, "गट घेऊन ये. गर्माईला मी काही सांगणार नाही. थाळी घ्यायची की नाही ते तिचं ती ठरवेल. तिने समोरून परत पाठवलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

केबेच्या कापडाचा नमुना यासानेच दिला, जांभळ्यावर पिवळी कणसं. मॉलमधल्या शिंप्याने त्याचे पायघोळ झगे आणि ओढण्या शिवल्या. चर्चच्या हॉलमध्ये जायचं म्हणताच निम्म्या बायका गळाल्या. नऊ उरल्या. "पडदे चालत निघालेत असं दिसतंय आपल्याकडे बघून," व्हॅनमध्ये बार्लिन म्हणाली.

पंचविसाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. पुढे उघडी शवपेटी होती, तिच्याशेजारी गर्माई आणि मन्रोव्हियाहून आलेला भाऊ. एकेक गट नाचत पुढे जात होता. या नऊ जणी दारात उभ्या राहिल्या तसा ढोल आपोआप मंदावला.

माईकवाल्याने विचारलं, "कोणता गट? सोमाली समाज?"

अंबरोने थाळी छातीशी धरली. "समाज-बिमाज नाही," ती म्हणाली. "केबेच्या मैत्रिणी."

आठ जणींनी केबेला आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकीनेही मान वर केली नाही.

अंबरो चालू लागली. तिला नाचता येत नव्हतं आणि गुडघे साथ देत नव्हते, त्यामुळे ते अंतर सरता सरेना. गर्माई बघत होती, हात बांधून. अंबरो समोर येऊन उभी राहिली आणि यासाने घोकून घेतलं होतं तेवढंच बोलली, "तुझी आई मोठी बाई होती. तिच्या मानाचं आणलंय."

गर्माईने हात सोडले. दोन्ही हातांनी थाळी घेतली, डोक्याच्या वर उचलली, सगळ्या हॉलला दाखवली. टाळ्या वाजल्या. थाळी भावाकडे देऊन ती अंबरोच्या कानाशी वाकली.

"जेवण त्या बाजूला आहे. तुमच्यासाठी वेगळं शिजवलंय. मटण तुमच्याच मॉलमधल्या खाटकाकडून आणलं."

"तुला कुणी सांगितलं, मी येणार म्हणून?"

"कुणी नाही. आला नसतात तर फेकलं असतं. पैसे घेईना तो खाटीक. माती झाली का तुमच्या आईची, विचारत होता. भांडले मी त्याच्याशी, पैसे टाकून आले. आणि गाडीत बसून रडले."

तिने कोपर पुढे केलं. अंबरोच्या लोकांत मेलेल्याचा चेहरा असा बघत नाहीत, पण तिने ते कोपर धरलं आणि पेटीपाशी गेली. केबेच्या ओठांना लाली होती, केस कधी नव्हे ते जागच्या जागी होते. चेहरा तिचाच होता.

"पंचवीस दिवस थांबलीस," अंबरो आपल्या भाषेत हळूच म्हणाली. "माझ्यासाठी नाही, माहीत आहे मला. पण थांबलीस ते बरं झालं."

मागे ढोल पुन्हा जोरात सुरू झाला, आणि बार्लिनने दोन्ही कानांवर हात ठेवले.