आईचा अर्धा वाटा

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं आणि त्यांना माझी आठवण झाली. म्हणजे माझ्या सहीची. पाळी गावातलं घर त्यांना माझ्या सावत्र भावाच्या, सिद्धेशच्या नावावर करायचं होतं. त्याला लग्न झालेल्या मुलीची संमती लागते, आणि आमच्या गोव्यात जावयाचीही. म्हणून माझा नवरा अनंत रजा टाकून मोरजीहून माझ्याबरोबर डिचोलीला आला.

वकील कृष्णनाथांकडे बाबा आधीच बसले होते, शेजारी देवकीमावशी. आई गेली तेव्हा मी लहान होते. वर्षभरात मावशी बाबांची दुसरी बायको म्हणून घरात आली. तिनं मला कधी उपाशी ठेवलं नाही, पण सिद्धेश झाल्यापासून मी त्या घरात पाहुणीसारखीच वाढले. आता मला घर नको होतं, फक्त सहीआधी कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, घरही हवं होतं.

वकिलांनी कागद चाळले. "सगुणबाब, घर केन्ना बांदलें?"

"पयल्या लग्नाउपरांत."

"पयली बायल गेल्यार इन्व्हेंतार केलो?"

माणूस गेल्यावर कोर्टातून वाटणी करून घेतात, तो इन्व्हेंतार. बाबा चिडलेच. "बायलेची कसली वाटणी? घर म्हजें!"

"अर्दें तुमचें, अर्दें तिचें. ती गेली त्याच दिसा तिचें अर्दें ह्या चलयेचें जालें. तें तुमी कोणाक दिवंक शकनात." वकिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"राज्य जालें, तरी फिरंग्यांचोच कायदो?"

"राज्य जालें. कायदो तोच."

मला आनंद व्हायला हवा होता. आला तो संताप. माझ्याच घरात मी इतकी वर्षं अंग चोरून वावरले, आणि चतुर्थीला माहेरून फळं-मिठाईचं ओझं आलं की उपकार मानले!

बाबांनी पेन माझ्यापुढे धरलं. "गो, सिद्धेश तुजोच भाव न्हय? सोडून दी." त्यांच्या खिशातून छातीवरच्या गोळ्यांची पट्टी डोकावत होती. ती बघून माझा राग पार ढेपाळला आणि मी पेन घेतलं.

मावशीनं कागदावर तळहात ठेवला. "सय करू नको गो."

"अगो, तुज्याच पुताखातीर करतां मगो हें!" बाबा म्हणाले.

"त्याका तुमच्या अर्ध्यातलें दिया. आज हिच्या आवयक इसरल्यात, फाल्यां माका इसरतल्यात."

 अनंत छताकडे बघत बसला. मग वकिलांनी कोरा कागद ओढला. "तर पयलीं इन्व्हेंतार. मयताचें नांव सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगावं, अशी त्यांची अपेक्षा होती. मी हातातलं पेन परत त्यांच्यापुढे ठेवलं.

"शालिनी," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.