पंपघराचा कठडा

छप्पन साली पिंपरीच्या एका कारखान्याने मला मुंबईहून बोलावलं. पवनेच्या काठी त्यांचं पंपघर होतं आणि पाणी ओढणाऱ्या नळाच्या तोंडाशी गाळ अडकला होता. मी नौदलातून नुकताच बाहेर पडलेला पाणबुड्या. पाठीला हवेचं नळकांडं बांधून पाण्यात उतरणारा माणूस तिथे कोणी पाहिला नव्हता.

कारखान्याचे व्यवस्थापक नानासाहेब फोटोग्राफर घेऊनच आले. पंपघराच्या कठड्याकडे बोट करून म्हणाले, "इथून उडी टाका. फोटो झकास येईल."

कठडा पाण्यापासून पंधरा फूट तरी उंच होता. मी शिडी मागितली.

"उडीला घाबरता? मग नौदलात काय केलंत?"

माझी कानशिलं तापली. "साहेब, पाठीवर अर्धा मण लोखंड आहे. एवढ्या उंचीवरून पडलो तर ते मागून डोक्यात बसेल. आम्ही पाण्यालगतच्या जागेवरून आत शिरतो. एका हाताने तोंडावरची काच आणि नळी दाबून धरायची, नजर समोर ठेवायची आणि एक लांब पाऊल टाकायचं. तेही खाली काय आहे ते पाहून."

"खाली पाणी आहे," नानासाहेब म्हणाले. फोटोग्राफर हसला.

काठावर धुणं धूत असलेल्या छबूबाई उठून उभ्या राहिल्या. "पानी हाय, पर कठड्याखाली कातळ बी हाय."

"तुला कोणी विचारलं?" नानासाहेब खेकसले.

मी दोरीला वीट बांधून कठड्यावरून सोडली आणि वर ओढली. दोरी जेमतेम चार फूट भिजली होती. ती नानासाहेबांपुढे धरून मी म्हणालो, "आता तुम्ही उडी टाका. फोटो मी काढतो."

"रागावता कशाला? थोडं बाजूने टाका."

मी नळकांड्याचे पट्टे सोडू लागलो. तेव्हा पंपावरचे मिस्त्री सोपानराव शिडी घेऊन आले. छबूबाईंनी दोन पुरुष खोल पाणी कुठे आहे ते दाखवलं. शिडीने उतरून मी अलगद पाण्यात शिरलो आणि दोन तासांत नळ मोकळा केला.

वर आलो तेव्हा नानासाहेब निघून गेले होते. मी अंग पुसत असताना सोपानराव हळूच म्हणाले, "गेल्या साली हाच नळ मोकळा करायला आमच्या पंपावरच्या भैरूला याच कठड्यावरनं उडी मारायला लावली व्हती. कंबर मोडली त्याची. अजून उठून बसता येत न्हाई."

"नानासाहेबांना ठाऊक आहे?"

"त्यांनीच तर लावली."

मी ओल्या कपड्यांनिशी कचेरीत गेलो आणि भैरूचं नाव घेतलं. नानासाहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. "त्याला नीट उडी मारता आली नाही," ते म्हणाले. "चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. परत पंपघरावर आलो. सोपानरावांनी डांबराचा डबा काढला, आणि कठड्यावर आम्ही दोघांनी हातभर अक्षरांत लिहिलं : खाली कातळ आहे.