बरोबर एक लिटर

संगणकातल्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हे मी कॉलेजात बावीस वर्षं शिकवतोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने काढली त्याने बहुधा मला पाहिलं असावं.

माझ्या ताईचा सूत रंगवून द्यायचा व्यवसाय आहे. आई माझ्यासाठी आभाळी रंगाचा स्वेटर विणत होती. बाह्या व्हायच्या आधीच गेली. तिच्या पेटीत त्याच लोकरीच्या चार पांढऱ्या लडी निघाल्या. तसली लोकर आता कुठे मिळत नाही. त्या रंगवून ताई बाह्या पुऱ्या करणार होती. रंग चुकला की संपलं.

ताई नजरेनं बघत हातानं रंग ओतते. मी म्हटलं, एवढ्या मोलाच्या कामात अंदाजपंचे नको, आणि आठवडाभर खपून यंत्र केलं. नळीतून दर वेळी लिटरचा दहावा भाग रंग पडणार, यंत्र बेरीज करत जाणार आणि बेरीज बरोबर एक झाली की थांबणार. ताईला पातेल्यापाशीच थांबायचं होतं. मीच तिला मागच्या खोलीत चहाला बसवलं आणि माणसानं यंत्रावर भरवसा ठेवायला शिकावं, यावर अर्धा तास तिचं डोकं खाल्लं.

बाहेर येऊन पाहतो तर रंगाचा अख्खा डबा रिकामा आणि लडी निळ्याच्या काळ्याकुट्ट झालेल्या.

चूक कळायला मला क्षणही लागला नाही, हेच जास्त लागलं. एकाला तीनानं भागलं की आपले तीन-तीन संपत नाहीत, कुठेतरी तोडावे लागतात. संगणकाकडे शून्य आणि एक एवढेच आकडे, त्यामुळे त्याला दहावा भागही तसाच न संपणारा. तो शेपूट छाटून ठेवून देतो. असे दहा तुकडे जोडले की भरतात शून्य पूर्णांक आणि पुढे सोळा वेळा नऊ. एक नाहीच. अकराव्याला बेरीज एकच्या पुढे. यंत्र बिचारं ‘बरोबर एक’ची वाट बघत ओतत राहिलं. हे मी दर वर्षी फळ्यावर लाल खडूनं लिहितो, खाली दोन रेघा मारून.

ताईलाही सगळं सांगितलं. रडू येत होतं, म्हणून जरा जास्तच सविस्तर. ती लड पिळत ऐकत होती.

“मास्तर,” ती म्हणाली, “एक झालं किंवा पुढे गेलं, तरी थांब, असं नाही का सांगायचं? घोटभर जास्त पडलं असतं, एवढंच.”

बावीस वर्षांचा अभ्यासक्रम तिनं लड पिळता पिळता उरकला.

बाह्या तिनं त्याच काळ्या लोकरीच्या विणल्या. आईची शेवटची लोकर मी नासवली, हे अजून सलतं. दर वर्षी तो धडा आला की मी तो स्वेटर घालून वर्गात जातो. लाल खडू आता लागत नाही. नुसते दोन्ही हात वर करतो.