इशारेवाला कॉल्बी

ओक्लाहोमातल्या त्या लहानशा कॉलेजगावात शनिवारी, म्हणजे सामन्याच्या दिवशी, दुकानं बंद आणि तोंडं सुरू. अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या फेकीवर सगळा डाव चालतो तो, गावाचा जावई. बाकीचे दहाजण नुसते वऱ्हाडी. कॉल्बी ट्रॅमेल चार वर्षं त्या संघात होता, तोही क्वार्टरबॅक म्हणूनच. फक्त त्याला मैदानात कुणी पाठवलं नाही.

खरं तर कोच बर्डेट स्वतः त्याला मागायला घरी आला होता. कॉल्बीच्या आईच्या, लोरेटाच्या हातचं पीच कॉबलर, म्हणजे पीच घालून भाजलेलं गोड, त्यानं दोनदा मागून खाल्लं, चमचा चाटला आणि म्हणाला, "ताई, तीन वर्षं शिकू द्या त्याला. चौथ्या वर्षी संघ तुमच्या पोराचा. बर्डेटचा शब्द आहे."

"कपड्यांवरचे गवताचे डाग मी काढीन," लोरेटा म्हणाली होती. "तुम्ही फक्त ते पडू द्या."

तीन वर्षं कॉल्बी मैदानाच्या कडेला उभा राहून इशारे करत राहिला. कोचनं त्याच्या कानातल्या यंत्रात डाव सांगायचा आणि यानं हातवारे करून तो आत पोचवायचा. शेजारी आणखी एकजण तसेच हातवारे करायचा, पण खोटे, समोरच्यांना चकवायला. खरे इशारे कायम कॉल्बीचे. ते रचलेही त्यानंच. कान धरला की उजवीकडून पळ, डोक्यावर हात फिरवला की लांब फेक. सुट्टीत तो स्वयंपाकघरात सराव करायचा, तेव्हा भांडी पुसता पुसता आईही ते शिकली. कोचला मात्र त्यातला एक येईल तर शपथ. "डोकं माझं, हात तुझे," असं म्हणून तो हसायचा.

चौथं वर्ष उजाडलं आणि कोचनं दुसऱ्या कॉलेजातून कीगन नावाचा तयार क्वार्टरबॅक उचलून आणला. कॉल्बीलाही कॅन्ससच्या एका कॉलेजाचं बोलावणं होतं. बॅग भरूनच तो सांगायला गेला.

"जा की," कोच म्हणाला. "पण कीगनचा गुडघा कच्चा आहे. तो बसला की कोण उतरणार? तूच. आणि इशाऱ्यांसाठी तुझ्याशिवाय मी विश्वास तरी कुणावर ठेवू, सांग?"

विश्वास म्हटलं की भलेभले विरघळतात. कॉल्बीनं बॅग रिकामी केली. गाढवपणाच तो, पण प्रामाणिक.

नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला. या दिवशी शेवटच्या वर्षाची पोरं आईबापांचा हात धरून मैदानात येतात. कोचनं लोरेटाला पिवळं फूल दिलं, गळाभेट घेतली. "ताई, आज बघाच तुमच्या पोराला!"

तिसऱ्या सत्रात कीगनचा गुडघा गेला. कॉल्बीनं हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि पाऊल टाकलं. कोचनं हात आडवा घातला आणि दुसऱ्या वर्षाच्या मेसनला आत ढकललं.

"कोच, माझी पाळी आहे."

"पुढच्या वर्षाचं बघावं लागतं, पोरा. मेसन तयार व्हायला हवा."

"तुम्ही शब्द दिला होता. आईसमोर."

"अरे, तू आत गेलास तर इशारे कोण करणार? चल, काढ ते हेल्मेट. वेळ जातोय."

कॉल्बीनं हेल्मेट काढलं. ज्या दोरीनं याला बांधून ठेवलं, तीच आता गळ्यात आवळली होती. या माणसानं आपल्याला उतरवायचं कधी मनातही आणलं नव्हतं, हे त्याला चार वर्षांनी एका क्षणात कळलं.

कानात डाव आला, "उजवीकडून पळ." आत मेसन भेदरून त्याच्या हातांकडे बघत होता. डोक्यावर नुसता हात फिरवला असता तरी कोचचं वाटोळं झालं असतं. हात वर गेलाही. पण मेसननं काय घोडं मारलं होतं?

त्यानं वळून वर पाहिलं. गर्दीत आई उभी होती. तिनं दोन्ही मुठी छातीशी जुळवल्या आणि झटक्यात अलग केल्या. त्याचाच इशारा तो. मैदान सोड.

कॉल्बीनं कानातलं यंत्र काढून कोचच्या तळहातावर ठेवलं.

"ए, वेड लागलं का? इशारा कर!"

"तुम्हीच करा. हात तुम्हालाही आहेत."

कोचनं दोन्ही हात वर केले आणि माश्या हाकलल्यासारखे हलवले. मेसनला काही कळेना. डाव सुरू करायची वेळ संपली, शिट्टी वाजली, दंड म्हणून संघ पाच यार्ड मागे गेला. अख्खं मैदान हसलं.

कॉल्बीला मात्र हसू आलं नाही. तो कठड्यापाशी गेला. आई खाली उतरून आली होती.

"डाग काढायचा साबण आणला होतास ना?" त्यानं विचारलं.

"आणलाय."

लोरेटानं त्याच्या पांढऱ्या जर्सीवरून हात फिरवला. सकाळी तिनंच केलेल्या इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. त्या घडीवर तोंड दाबून ती रडू लागली, आणि मग कॉल्बीलाही आवरलं नाही.